एस2 चाचणी, वंडरलिक की फळा: तरुण क्वार्टरबॅकची फुटबॉलची समज कशाने कळते?

2023 च्या एप्रिलमध्ये, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट (कॉलेजातल्या खेळाडूंची संघांकडून होणारी निवड) तोंडावर आला असताना, ओहायो स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू, सी. जे. स्ट्राउडच्या नावासोबत 18 हा आकडा छापून आला. अलाबामाच्या ब्राइस यंगचा आकडा होता 98. दोन्ही एस2 कॉग्निशन नावाच्या चाचणीतले, दोन्ही फुटलेले, अधिकृतपणे कुणीही जाहीर न केलेले. शंभरातले अठरा, असा त्याचा अर्थ नाही. ज्यांच्याशी तुलना होते त्या खेळाडूंपैकी साधारण 18 टक्के स्ट्राउडच्या मागे आणि बाकीचे पुढे, असा आहे. पण बारकावा कोण वाचतो? एकवीस वर्षांच्या पोराच्या कपाळावर तो आकडा चिकटला तो चिकटलाच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कॅरोलायना पँथर्सने यंगला पहिल्या क्रमांकावर घेतलं. तो क्रमांक मिळवायला त्यांनी शिकागो बेअर्सना पहिल्या फेरीच्या दोन निवडी, दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी आणि डी. जे. मूर हा पहिल्या फळीतला रिसीव्हर (पास झेलणारा) दिला होता. स्ट्राउड दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टन टेक्सन्सकडे गेला आणि पहिल्याच मोसमात त्याने पासचे 4,108 यार्ड, 23 टचडाऊन (गुण मिळवून देणारे पास) आणि फक्त 5 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) अशी कामगिरी केली. प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडला 45-14 ने हरवलं ते वेगळंच. त्याच मोसमात पँथर्सचे सामने: 2 जिंकले, 15 हरले.

एवढ्यावरून चाचणी कुचकामी ठरवून मोकळं होता येत नाही. यंग त्या वर्षी 62 वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला. समोरची ब्लॉकरांची भिंतच ढासळत असेल तर मेंदू कितीही जलद चालून उपयोग काय? उलट बाजूला ब्रॉक पर्डी आहे. 2022 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 262 वा खेळाडू. त्याचा एस2 चा आकडा नव्वदीच्या मध्यात असल्याचं वृत्त होतं, आणि दोन वर्षांच्या आत तो सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत, लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला. मग पुन्हा विल लेव्हिस: 93 असल्याचं छापून आलं, दुसऱ्या फेरीत टेनेसीने घेतला, आणि 2024 मध्ये त्याला बाकावर बसवावं लागलं. आकडा कधी बरोबर येतो, कधी साफ चुकतो. म्हणून नेमकं काय मोजलं जातं ते आधी पाहू.

एस2 ही नॅशव्हिलची कंपनी. ब्रँडन अ‍ॅली आणि स्कॉट वायली या दोन मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकांनी ती उभी केली. चाचणी साधारण 40 ते 45 मिनिटांची, लॅपटॉप आणि प्रतिसादाची बटणं घेऊन बसायचं. पडद्यावर हिऱ्याच्या आकाराची चित्रं 16 मिलिसेकंदांसाठी चमकतात, प्रत्येकाचं एक टोक तुटलेलं असतं, आणि कुठलं टोक ते बटण दाबून सांगायचं. दुसऱ्या भागात हलणाऱ्या अनेक वस्तूंपैकी ठरावीक वस्तूंवर नजर ठेवायची. आणखी एका भागात दाबायला निघालेलं बोट शेवटच्या क्षणी मागे घ्यायचं. आकलनाचा वेग, शोधण्याची कार्यक्षमता, एकाच वेळी किती गोष्टींचा माग ठेवता येतो, लक्ष विचलित झाल्यावर काय होतं, आवेग आवरता येतो का, अशा वेगवेगळ्या कौशल्यांचे वेगवेगळे गुण निघतात आणि मग त्यांचा एक एकत्रित आकडा.

या चाचणीचं खरं बळ असं की त्यात वाचन नाही, गणित नाही, शाळेचा दर्जा नाही. ज्या मुलाला इंग्रजीचा उतारा वाचताना घाम फुटतो तोही इथे बरोबरीने बसतो. ही काही लहान गोष्ट नाही, आणि वंडरलिक या जुन्या प्रश्नोत्तरी चाचणीच्या तुलनेत एस2 कित्येक पावलं पुढे आहे ते याच कारणामुळे.

उणीवही तितकीच सरळ आहे. त्या 45 मिनिटांत फुटबॉल कुठेच नाही. डोळा आणि हात यांच्यामधला कच्चा वेग मोजला जातो. मैदानावर मात्र ज्ञान त्या वेगाची गरज कमी करतं. क्रिकेटमध्ये चांगला फलंदाज गोलंदाजाच्या मनगटावरून गुगली ओळखतो. चेंडू टप्पा पडून वळायची वाट तो बघत नाही, म्हणून त्याला जास्त वेळ मिळाल्यासारखा दिसतो. क्वार्टरबॅकचंही तसंच. कुठल्या सेफ्टीकडे (सर्वांत मागे उभ्या बचावपटूकडे) बघायचं हे ज्याला स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याच्या, आधीच ठाऊक आहे, त्याला 22 माणसांचा माग ठेवावाच लागत नाही. तो दोघांचा ठेवतो.

त्यामुळे एस2 चा अहवाल हातात आला तर एकत्रित आकडा बाजूला ठेवा. सुटे गुण बघा आणि प्रत्येक कमी गुणाचं रूपांतर फिल्मच्या (सामन्यांच्या चित्रणाच्या) प्रश्नात करा. विचलनावरचा ताबा कमी आला? मग स्नॅपच्या क्षणी सेफ्टी फिरला (त्याने जागा बदलली) आणि त्याच वेळी आक्रमणातलं कुणीतरी मोशनमध्ये (आडवं सरकत) होतं असे त्याचे वीस डाव काढा. आवेगावरचा ताबा कमी? मग फ्लॅटमध्ये (रेषेजवळच्या कडेच्या पट्ट्यात) उभा राहून आमिष दाखवणाऱ्या कॉर्नरबॅकवर (कडेच्या बचावपटूवर) त्याने चेंडू किती वेळा टाकला ते मोजा. माग ठेवण्याची क्षमता कमी? रिसीव्हरांच्या एकमेकांना छेदणाऱ्या मार्गांचे डाव, मेशसारखे, तपासा. फिल्ममध्ये दोष सापडला तर तो खरा. सापडला नाही तर पोराने त्यावर स्वतःचा उपाय शोधलेला आहे, आणि तो कोणता हे मुलाखतीत विचारायला हवं.

स्ट्राउडच्या बाबतीत हा ताळा आधीच उपलब्ध होता. 31 डिसेंबर 2022, पीच बोल हा कॉलेजातला मोठा सामना, समोर जॉर्जियाचा बचाव. ओहायो स्टेट 42-41 ने हरलं, पण स्ट्राउडने 348 यार्ड आणि 4 टचडाऊन केले. पॉकेट (ब्लॉकरांनी त्याच्याभोवती राखलेली जागा) मोडल्यावर त्याला काही सुचत नाही ही त्याच्यावरची जुनी तक्रार होती. त्या रात्री तो पॉकेटमधून बाहेर पडला, नजर खाली न आणता वरच ठेवली, आणि धावता धावता रिसीव्हरला मोकळ्या जागेकडे वळवून चेंडू दिला. ती फिल्म सर्व 32 संघांकडे होती. 45 मिनिटांचा लॅपटॉप आणि चार तासांचा सामना यांत विरोध दिसला तर सामन्यावर विश्वास ठेवावा, एवढं साधं तारतम्य तेव्हा अनेकांनी गुंडाळून ठेवलं.

गुप्तता हाही या सेवेचा भाग आहे आणि तिथे 2023 मध्ये मोठी गळती झाली. त्यानंतर काही एजंटांनी आपल्या खेळाडूंना ही चाचणी देऊच नका असा सल्ला दिला. त्याचा तांत्रिक तोटाही होतो: ज्यांना चांगला आकडा येण्याची खात्री आहे तेच बसायला लागले की तुलनेचा पाया वाकडा होतो.

वंडरलिकबद्दल थोडक्यातच. 12 मिनिटं, 50 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 14.4 सेकंद. अंकमालिका, शब्दांचे संबंध, छोटी हिशेबाची उदाहरणं. मुळात नोकरभरतीसाठी, 1930 च्या दशकात तयार झालेली. डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी ती फुटबॉलमध्ये आणली आणि 2022 पर्यंत ती इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधी खेळाडूंच्या एकत्रित चाचण्या होतात तिथे) टिकली. हार्वर्डचा क्वार्टरबॅक रायन फिट्झपॅट्रिकला 48 गुण होते असं सांगतात, क्वार्टरबॅक डॅन मरिनोला 15 च्या आसपास. दोघांपैकी हॉल ऑफ फेममध्ये मरिनो आहे. गुण आणि मैदानावरची कामगिरी यांच्यात कामाचा संबंध अभ्यासकांनाही सापडला नाही. ती बंद झाली हे योग्यच झालं. आजही कुणी आपल्या अकादमीत मुलांकडून ती सोडवून घेत असेल तर तो वेळ फिल्मवर घालवावा.

आता फळा. अमेरिकेत त्याला व्हाइटबोर्ड म्हणतात, पण काम आपल्या शाळेतल्या फळ्याचंच: उभं राहा, खडू घे, समजावून सांग. किंमत जवळपास शून्य, आणि नीट वापरला तर या तिघांत सगळ्यात जास्त माहिती तोच देतो. अडचण अशी की बहुतेक संघ तो वाईट वापरतात. कंबाइनमधली मुलाखत वीस मिनिटांच्या आतबाहेरची असते. तेवढ्यात ‘तुझा आवडता डाव काढ’ म्हटलं की पोरगा घोटून घोटून आलेला डाव काढतो. एजंटांनी ठेवलेल्या खाजगी प्रशिक्षकांनी जानेवारीपासून तेच करून घेतलेलं असतं. घोकंपट्टी छान दिसते, आणि खोलीतले सगळे खूश होऊन बाहेर पडतात.

फळ्याचं खरं काम ड्राफ्टआधीच्या भेटीत होतं. प्रत्येक संघाला आपल्या मुख्यालयात 30 खेळाडू बोलावता येतात आणि तिथे वेळ हाताशी असतो. पद्धत अशी ठेवा. पहिल्या पंधरा मिनिटांत तीनच डाव शिकवा, पण नावं पूर्ण नवी द्या. त्याच्या कॉलेजात ज्याला ‘स्मॅश’ म्हणत त्याला तुम्ही फळाचं किंवा गावाचं नाव द्या. रचना, मोशन, संरक्षण (क्वार्टरबॅकला वाचवायला कुणी कुणाला अडवायचं), मार्ग, स्नॅपची मोजणी, सगळं एकदाच सांगा. त्याला टिपणं काढू द्या. मग टिपणं ठेवून घ्या आणि वीस-पंचवीस मिनिटं दुसऱ्याच विषयावर बोला: घर, दुखापती, त्याची फिल्म. नंतर फळा पुसून त्याच्या हातात खडू द्या आणि म्हणा, आता तू प्रशिक्षक, मी नवा आलेला रिसीव्हर, शिकव.

इथे ऐकायचं काय? डावांची नावं आठवली हे किमान. खरी गोष्ट म्हणजे तो अकराच्या अकरा माणसं जागेवर उभी करतो का. उजव्या टॅकलचं (ब्लॉकरांच्या रांगेतल्या टोकाच्या माणसाचं) काम न विचारता सांगतो का. मार्ग काढताना खोली सांगतो का: बारा यार्डांवर वळायचं की ‘थोडं पुढे जाऊन’ वळायचं? ज्याला कारण समजलंय तो पोरगा आपणहून म्हणतो, हा आतला मार्ग चेंडूसाठी नाहीच, तो लाइनबॅकरला (मधल्या फळीतल्या बचावपटूला) धरून ठेवायला आहे. असं एक वाक्य दहा अचूक रेषांपेक्षा मोलाचं.

स्मरणाला एवढं महत्त्व का, तर एनएफएलमध्ये डावाचं घड्याळ 40 सेकंदांचं असतं आणि 15 सेकंद उरले की हेल्मेटमधला प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. दहा-पंधरा शब्दांचा कॉल (डावाचं पूर्ण नाव) एकदाच ऐकून हडलमध्ये (संघाच्या घोळक्यात) जसाच्या तसा म्हणायचा, रेषेवर जाऊन बचाव वाचायचा, गरज पडली तर बदलायचा. अनेक कॉलेजांत हे लागतच नाही; बाजूच्या रेषेवरून फलक किंवा खुणा येतात आणि सगळा संघ तिकडे बघतो. 2011 मध्ये टीव्हीवर माजी प्रशिक्षक जॉन ग्रूडनने क्वार्टरबॅक कॅम न्यूटनला लांबलचक कॉल ऐकवून त्याच्या ऑबर्न कॉलेजातला तसा एखादा सांगायला सांगितला आणि न्यूटनला तो देता आला नाही, कारण तिथली पद्धतच आटोपशीर होती. 2015 मध्ये तोच न्यूटन लीगचा एमव्हीपी, सर्वांत मोलाचा खेळाडू, झाला. भाषा न येणं आणि समज नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या नावांनी शिकवण्याचा फायदा हाच: सगळ्यांची सुरुवात एकाच रेषेवरून होते.

फळ्यावरचा सर्वांत कसाचा भाग संरक्षणाचा. तिथे आकर्षक काही नसतं म्हणून खाजगी प्रशिक्षकही त्यावर कमी वेळ देतात. एक उदाहरण जवळून बघू. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये (रेषेपासून काही यार्ड मागे), तीन रिसीव्हर उजवीकडे, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा, पुढे नुसता ‘बॅक’) शेजारी. बचावाची चार माणसं रेषेवर, मागे दोन लाइनबॅकर (मधला माईक, डावीकडचा विल), आणि उजव्या स्लॉटसमोर (आतल्या बाजूच्या रिसीव्हरसमोर) निकेल हा जादा बचावपटू. संरक्षण अर्ध्या स्लाइडचं: पाच ब्लॉकरांच्या रांगेतले सेंटर, डावा गार्ड आणि डावा टॅकल डावीकडे सरकतात, त्यांच्या वाट्याला डावीकडची दोन माणसं आणि विल. उजवा गार्ड आणि उजवा टॅकल समोरच्याला एकास एक. बॅक आधी माईककडे बघतो, तो आला नाही तर निकेलकडे.

पहिला प्रश्न: माईक आणि निकेल दोघेही आले, मोकळा कोण? उत्तर निकेल. बॅक आतला माणूस घेतो, कारण त्याचा रस्ता जवळचा. बाहेरच्याला क्वार्टरबॅकने चेंडू झटपट टाकून हरवायचं, आणि तोही निकेलने सोडलेल्या जागेत. तयारी केलेला कुठलाही पोरगा हे सांगतो.

दुसरा प्रश्न: ते दोघं येणार हे आधी कशावरून कळलं असतं? इथे थोडे गळतात. उत्तर सेफ्टीत आहे. निकेल ब्लिट्झला (क्वार्टरबॅकवर धावून) जाणार असेल तर स्लॉटला कुणीतरी सांभाळायलाच हवं, म्हणून सेफ्टी नेहमीपेक्षा खाली येऊन त्याच्या डोक्यावर उभा राहतो.

तिसरा प्रश्न खरी चाळणी. निकेल आला, पण माईक मागे सरला आणि डावीकडचा एंडही (रेषेवरचा टोकाचा बचावपटू) रेषेवरून मागे सरला. आता झटपट टाकायचं का? घोकलेला पोरगा म्हणतो, निकेल आला म्हणजे झटपट. समजलेला पोरगा मोजतो. माईक गेला नाही म्हणून बॅक मोकळा, तो निकेल घेतो. उजवीकडे सगळे पकडले गेले. आलेले फक्त चार आहेत, मागे सात जण उभे आहेत, आणि झटपट टाकलेला चेंडू त्या सात जणांच्या गर्दीत जाईल. तर उभं राहायचं आणि नेहमीचं वाचन करायचं. आजचे बचाव असा खोटा दबाव मुद्दाम दाखवतात, त्यामुळे हा प्रश्न वगळणारी मुलाखत अर्धवटच. उत्तर देताना पोरगा बोटांनी माणसं मोजत असेल तर ते चांगलं चिन्ह माना. घाई करणारा इथेच फसतो.

फिल्मवरही हीच चाळणी लावा. सगळे 22 खेळाडू दिसतात ती फिल्म घ्या. तिसरा डाऊन (चार प्रयत्नांपैकी तिसरा), सात किंवा जास्त यार्ड हवेत, असे डाव निवडा, आणि त्यात जमलेले व फसलेले निम्मे निम्मे ठेवा. स्नॅपच्या एक सेकंद आधी थांबवून विचारा: मैदानाचा मध्य उघडा की बंद? म्हणजे खोल दोन सेफ्टी आहेत की एकच? मग स्नॅपनंतर एक सेकंद चालवून पुन्हा थांबवा: तुझं मत बदललं का, आणि पाय बदलले का? दोन सेफ्टी दाखवून एकावर फिरणारा बचाव हा आजचा रोजचा सापळा आहे. चुकीचा अंदाज गुन्हा नाही. अंदाज चुकल्यावर पुढच्या पावलात दुरुस्ती झाली का, ते महत्त्वाचं.

इथे एक सावधगिरी. आरपीओ (धाव की पास हे डाव सुरू झाल्यावर ठरवणारे डाव) आणि स्क्रीन पास (रेषेमागेच दिलेले छोटे पास) यांवर मोठे झालेले आकडे या प्रश्नांसाठी बाजूला काढा. आरपीओमध्ये एकाच बचावपटूकडे बघून निर्णय होतो. तिथली पूर्णतेची टक्केवारी समजेबद्दल फार कमी सांगते. तसंच फसलेला पास म्हणजे चुकलेलं वाचन नव्हे. रिसीव्हर दहाऐवजी बारा यार्डांवर वळला तर इंटरसेप्शन क्वार्टरबॅकच्या नावावर पडतं. म्हणून ‘इथे चूक कुणाची’ हे त्याला विचारा, आणि उत्तरात तो सहकाऱ्याला किती चटकन पुढे करतो तेही टिपून ठेवा.

अनुभवाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. अँथनी रिचर्डसन चौथ्या क्रमांकावर गेला तेव्हा कॉलेजात त्याने फक्त 13 सामने सुरुवातीपासून खेळले होते. एवढ्या थोड्या सामन्यांत खोटा दबाव, फिरते सेफ्टी, शेवटच्या दोन मिनिटांची घाई यांचे नमुनेच पुरेसे जमत नाहीत. फिल्म काढायला बसलात तर तिसऱ्या लांब डाऊनचे डाव पटकन संपतात. उलट जेडन डॅनियल्स 55 सामन्यांनंतर आला. लुइझियाना स्टेटमध्ये तो व्हीआर चष्म्यावर डाव नेहमीपेक्षा जलद चालवून सराव करायचा. वॉशिंग्टनने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि 2024 मध्ये तो वर्षाचा सर्वोत्तम आक्रमक नवोदित ठरला. अभ्यासाची सवय ही अशी दिसणारी, मोजता येणारी गोष्ट आहे, ती आधी विचारून घ्यावी. 2022 मध्ये अ‍ॅरिझोनाने आपला क्वार्टरबॅक कायलर मरेच्या करारात सामन्याच्या आठवड्यात चार तास स्वतंत्र अभ्यासाचं कलम घातलं होतं आणि बोभाटा झाल्यावर काढून टाकलं. करारात लिहून अभ्यास होत नाही. कॉलेजातल्या व्हिडिओ विभागात काम करणाऱ्या माणसाला विचारा: हा मंगळवारी रात्री कितीला येतो, एकटा येतो की रिसीव्हरना घेऊन? स्ट्राउड असो की पर्डी, ही माहिती लॅपटॉपमधून कधीच येत नाही.

भेट संपली की काम संपत नाही. त्याची टिपणं तुमच्याकडेच राहू द्या. दहा दिवसांनी फोन करा, चौकशी करा, आणि बोलता बोलता त्या तीन डावांतल्या दुसऱ्याचं संरक्षण विचारा. समोरून लगेच उत्तर आलं तर उत्तमच. नाहीतर तो थोडा थांबेल, ‘बॅक शेजारी होता ना?’ असं विचारून स्वतःच चित्र पुन्हा उभं करायला लागेल. त्या थांबण्यात काय चाललंय ते शांतपणे ऐका, मध्ये बोलू नका, आणि चित्र पूर्ण झालं की माईक कुठे उभा आहे ते विचारा.